पंखातली खुळखुळ

विमानाचा पंख उचलून एका लाकडी घोडीवरून दुसऱ्या घोडीवर ठेवताना आतून आवाज आला. खुळ्.

"थांबा," अध्यक्ष म्हणाले. "ऐकलं का कोणी?"

कोणी हो म्हटले नाही. फिटरकाका पंखाच्या जाड टोकाला होते आणि त्यांचा सगळा जीव कमरेत गोळा झाला होता. रंगारीकाका निमुळत्या टोकाला होते. मागच्या वेळी घोडीचा पाय त्यांच्या अंगठ्यावर आला होता, त्यामुळे ते फक्त खाली बघत होते. मधोमध मास्तरांची मुलगी होती. तिने मात्र ऐकले होते.

"परत हलवा," अध्यक्ष म्हणाले. ते स्वतः कधी उचलायला लागत नसत. कोणीतरी बाजूला उभे राहून बघायला हवे असे त्यांचे म्हणणे होते, आणि गेली कित्येक वर्षे ते कोणीतरी तेच होते.

पंख तिरका केला. खुळ् खुळ् खुळ् करीत काहीतरी आत घरंगळले आणि थांबले.

"आत काहीतरी आहे."

"हवा आहे," फिटरकाका धापा टाकत म्हणाले.

"हवा वाजते का?"

"तुमच्या भाषणात वाजते की."

अध्यक्षांनी हे ऐकले नाही. त्यांना नको ते ऐकू येत नसे, आणि पंखातला आवाज मात्र पहिल्या फटक्यात आला होता.

विमान लाकडी होते. युद्धात धातू पुरेनासा झाला तेव्हा खुर्च्या-कपाटे करणाऱ्या कारखान्यांना विमाने करायला सांगितले गेले, आणि त्यांनी ती केली. त्यांतलेच हे एक. युद्ध संपल्यावर ते कुठल्याशा कोठारात पडून राहिले. कोंबड्यांनी त्यात सुखाने संसार केला. पुढे निवृत्त माणसांच्या एका मंडळाने ते उचलून आणले आणि पुन्हा उडवायचे ठरवले. इंजिन फिटरकाकांकडे गेले, कापड आणि रंग रंगारीकाकांकडे, सत्कार आणि पत्रव्यवहार अध्यक्षांकडे. उरले ते लाकूड. म्हणजे विमान उरले. ते मास्तरांनी केले.

मास्तर शाळेत सुतारकाम शिकवायचे. निवृत्त झाल्यावर घरात टेबलाचा एक पाय डुगडुगत होता, तो बसवून देतो असे त्यांनी बायकोला सांगितले होते. टेबल अजून डुगडुगत होते. त्यांची बायको विमानाला 'उडतं कपाट' म्हणायची, आणि रागात असली की नुसतेच 'खूळ'. "निघालात खुळाकडे?" असे ती सकाळी विचारी. तिने शेडमध्ये कधी पाऊल टाकले नव्हते.

डावा पंख हे मास्तरांचे शेवटचे काम. त्यावर प्लायवूडचा शेवटचा पत्रा त्यांनी चिकटवला, क्लॅम्प लावले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना दवाखान्यात न्यावे लागले. तिथून ते आले नाहीत. आता पंख धडाला जोडायचा, शुक्रवारी तपासणीच्या बाई येणार, त्या सही करणार आणि विमान उडणार, असा बेत होता. बापाच्या जागी हात लावायला मुलगी रोज कामावरून सुटली की येत होती. तिला सुतारकाम येत नव्हते. धरून ठेव म्हटले की ती धरून ठेवत असे.

"पंखात सुटी वस्तू असली तर परवाना नाही," अध्यक्ष म्हणाले. "हे मी नाही, मास्तरच सांगायचे."

ते खरे होते. सुटी वस्तू घरंगळत जाऊन आतल्या तारेत अडकली तर विमान वळत नाही, आणि न वळणारे विमान कुठे जाते हे सांगायला वैमानिक परत येत नाही, असे मास्तर प्रत्येक नव्या माणसाला ऐकवत.

"मास्तर मोठे कारागीर. वादच नाही," अध्यक्ष पुढे म्हणाले. माणूस वादच नाही म्हणाला की आता वाद येणार हे मुलीला कळत होते. "पण शेवटी शेवटी... वय झालेलं, आजारपण, हात थरथरायचा. राहिलं असेल काहीतरी आत. होतं असं."

"बाबांचं नाही होत," मुलगी म्हणाली.

"मग हे काय वाजतंय?"

तिने पंखाला कान लावला.

"एक वस्तू राहिली म्हणजे अख्ख्या पंखाचा भरवसा गेला. माझं ऐक, आपण कारखान्यातून तयार पंख मागवू. मी बोलून ठेवलंय. आणि हा पंख फेकायचा नाही हं! हा ऑफिसच्या भिंतीवर टांगायचा. खाली पाटी, वरून दिवा सोडायचा."

"काका, पंख उडायला असतो."

"भिंतीवर जास्त लोक बघतील गं."

घरी आई डुगडुगत्या टेबलावर भाजी चिरत होती. मुलीने खुळखुळीचे सांगितले.

"वाजणारच," आई म्हणाली. "जन्मभराचं खूळ आहे आत."

"आई, तो पंख भिंतीला लावणार म्हणतात."

"लावू देत. टेबलाला तर काही लावलं नाही." सुरी जरा जोरात चालली. "आणि आत काय आहे ते मी सांगते. माझी शिवणाची कात्री. ती तेव्हापासून दिसत नाही. ह्यांनीच नेली असणार कापड कापायला."

दुसऱ्या दिवसापर्यंत पंखात कात्रीला सोबत मिळाली. फिटरकाकांचा एक पाना बरेच दिवस मिळत नव्हता, तो त्यांना आठवला.

"बाबांनी नेला होता?" मुलीने विचारले.

"नेला असंच नाही. पण नेला असता तर तोच नेला असता."

रंगारीकाकांचा लायटर गेला होता. अध्यक्षांचा वाचायचा चष्मा गेला होता, चांगला सोनेरी काड्यांचा. मेलेल्या माणसाची एक सोय असते, तो 'मी नाही नेलं' म्हणत नाही. शेडमध्ये आजवर जे जे हरवले ते ते मास्तरांनी पंखात ठेवून वरून झाकण लावले, असे संध्याकाळपर्यंत ठरून गेले. ते खरे असते तर पंख उचलायला क्रेन लागली असती.

मुलीने सगळ्यांना मास्तरांच्या खोलीत नेले. गोंदाला धूळ आणि वारा चालत नाही म्हणून त्यांची खोली शेडच्या कडेला वेगळी होती, आणि तिचे दार नेहमी लावलेले असे. भिंतीवर एक मोठी फळी होती. प्रत्येक हत्याराची आकृती फळीवर काळ्या रंगाने काढलेली, आणि ज्याच्या त्याच्या आकृतीवर ते ते हत्यार टांगलेले. करवतीच्या जागी करवत, पटाशीच्या जागी पटाशी, रंध्याच्या जागी रंधा. शाळेत पोरे हत्यारे पळवायची तेव्हापासूनची ही सवय. संध्याकाळी एकही आकृती उघडी दिसली तर मास्तर घरी जात नसत.

"बघा," मुलगी म्हणाली. "सगळं जागेवर आहे. आत राहील कसं?"

सगळे बघू लागले. आणि अध्यक्षांनी बोट केले. "हे काय?"

फळीच्या कोपऱ्यात खिळ्याखाली एक आकृती उघडी होती. बाकीच्या रंगाने काढलेल्या, ही नुसत्या पेन्सिलीने. मधे गोल, वर एक शेपटी, खाली एक शेपटी.

"गेज असेल," फिटरकाका म्हणाले. "जाडी मोजायचं."

"दोन शेपट्यांचं?"

"मग भोवरा."

"मास्तर विमानात भोवरा कशाला नेतील?"

"मी कुठे म्हणतोय नेला? मी आकाराचं सांगतोय."

गोल, दोन शेपट्यांचे हत्यार कोणाला ठाऊक नव्हते. मुलीने ड्रॉवर उपसले, लाकडाच्या भुशात हात घालून पाहिले, बापाच्या कोटाचे खिसे उलटे केले. तिथे एक पेन्सिलीचा तुकडा आणि दोन बडीशेपेचे दाणे निघाले. ते तिने परत खिशात ठेवले.

"म्हणजे वस्तू कुठली ते कळलं नाही, पण कुठे आहे ते कळलं," अध्यक्ष म्हणाले. ते फार खुशीत दिसत होते असे म्हणणे बरोबर नाही. पण त्यांच्या आवाजाला पंख फुटले होते.

गुरुवारी मुलगी ऑफिसात गेली तेव्हा अध्यक्ष पाटीचा मजकूर तपासत होते. पाटी करूनच आणली होती, पितळी. 'दिवंगत मास्तरांच्या हस्तकौशल्याचा नमुना.' अध्यक्ष एकेका अक्षरावरून बोट फिरवत होते, आणि त्यांच्या नाकावर सोनेरी काड्यांचा चष्मा होता.

"चष्मा सापडला?" मुलीने विचारले.

"हा? हो, घरीच होता. उशीखाली."

"मग सांगितलं नाहीत?"

"अगं, मुद्दा चष्म्याचा नाहीये."

फिटरकाकांचा पानाही त्यांच्याच गाडीच्या डिकीत सापडला होता, हे तिला रंगारीकाकांकडून कळले. रंगारीकाकांचा लायटर कुठे सापडला हे फिटरकाकांनी सांगितले. वस्तू हरवली की माणूस गाव जागे करतो. सापडली की खिशात घालतो आणि आभाळाकडे बघतो.

शुक्रवारी मुलीने रजा घेतली आणि ती बाई यायच्या आधीच शेडमध्ये पोचली. पंखाच्या पोटाला एक लहानशी झडप होती, तारांना तेल देण्यासाठी ठेवलेली. तिच्यातून हात घालून आतली वस्तू काढता आली तर बघावी, असे तिच्या मनात होते. गोल, दोन शेपट्यांची का असेना, ती निदान बाहेर आली असती.

"माझा हात जाणार नाही," फिटरकाका म्हणाले. त्यांचा तळवा झडपेपेक्षा मोठा होता.

"माझा जाईल, पण थरथरतो," रंगारीकाका म्हणाले. हे त्यांनी इतर वेळी कधी कबूल केले नव्हते. विमानावरचे पट्टे तेच आखत होते.

मुलगी पंखाखाली फळीवर उताणी पडली आणि तिने डावा हात आत घातला. मनगटावर बापाचे घड्याळ होते. ते तिला फार ढिले होत असे म्हणून तिने ते सरकवून कोपराजवळ नेले. हात खांद्यापर्यंत आत गेला. आत अंधार होता आणि वार्निशचा वास. तो वास बापाच्या सगळ्या शर्टांना यायचा, धुतल्यावरसुद्धा.

"जरा तिरका करा... अजून... बस!"

खुळ् खुळ् करीत वस्तू आली आणि तिच्या बोटांना लागली.

"मिळालं!"

"शेपट्या आहेत का?" फिटरकाका.

"नाही. वाटाण्याएवढं आहे."

"काढ, काढ बाहेर!"

तिने हात ओढला. हात आला नाही. घड्याळ कोपरावरून खाली घसरले होते आणि त्याचे बक्कल आतल्या एका लाकडी फासळीत अडकले होते. एवढ्यात अध्यक्ष आले.

"हे काय चाललंय?"

"हात अडकलाय," पंखाखालून उत्तर आले.

"कोणाचा?"

"जिचा अडकलाय तीच बोलतेय," फिटरकाका म्हणाले. "ग्रीस आणू का गं पोरी? ग्रीस लावलं की इंजिनमधून माणूस निघेल."

"खबरदार!" रंगारीकाका ओरडले. "लाकडाला ग्रीस लागलं तर पुढे गोंद धरणार नाही."

"मग साबणाचं पाणी?"

"पाण्यानं प्लायवूड फुगेल."

"सरळ कापू या पंख," अध्यक्ष म्हणाले. "नाहीतरी भिंतीवरच जायचाय."

"पंख कापा, लाकूड वाचवा, ग्रीस नको, पाणी नको. आणि माझ्या पोरीचा हात?"

सगळ्यांनी मागे पाहिले. दारात मास्तरांची बायको उभी होती. हातात कात्री होती. रंगारीकाका नकळत एक पाऊल मागे सरले.

"वहिनी! तुम्ही इथे?"

"कात्री सापडली ते सांगायला आले, भाऊजी. शिवणाच्या मशीनमागे पडली होती. उगाच ह्यांचं नाव घेतलं मी, ते सगळ्यांपर्यंत गेलं, म्हणून म्हटलं सगळ्यांसमोर सांगावं." हे ऐकून तिघांनीही तीन दिशांना पाहिले. तिने विमानाकडे पाहिलेसुद्धा नाही. ती पंखाखाली वाकली. "काय अडकलंय?"

"घड्याळ."

"काढून ठेवायचं नाही का आधी?"

"लक्षात नाही आलं."

"बापावर गेलीस. बाकी सगळं लक्षात." आईने तिच्या खांद्याला धरले. "हं, आज डब्यात काय नेलं होतंस?"

"आज रजाच घेतलीय मी, डबा कशाला—"

आईने हिसका दिला. लहानपणी दुधाचे दात तिने असेच पाडले होते, बोलण्यात गुंतवून. मुलगी ओरडली, हात बाहेर आला, त्यावर मनगटापासून कोपरापर्यंत लांब ओरखडा आला होता आणि मूठ घट्ट मिटलेली होती.

तेवढ्यात तपासणीच्या बाई आल्या. एक बाई जमिनीवर, दुसरीच्या हातात कात्री, तीन पुरुष भिंतीला लागून उभे. त्यांनी आपली पिशवी शांतपणे टेबलावर ठेवली आणि विचारले, "पंख कुठला?"

मुलीने मूठ उघडली. तळहातावर पिवळट, काचेसारखा, वाटाण्याएवढा गोळा होता. बाईंनी तो चिमटीत धरला, उजेडात पाहिला, नखाने खरवडला.

"गोंद आहे."

"म्हणजे?" अध्यक्ष.

"म्हणजे गोंद. पत्रा दाबला की सांध्यातून बाहेर येतो आणि वाळतो. एखादा थेंब सुटतो. लाकडी विमानात होतंच हे."

"म्हणजे वस्तू नव्हे?"

"गोंदाला तुम्ही वस्तू म्हणता का?"

फिटरकाका इतक्या जोरात हसले की त्यांनी कमर धरली. मुलगी हसली नाही. तिने डोळे मिटून घेतले आणि भिंतीला टेकली. बाप काही विसरला नव्हता.

"मॅडम, पण एक हत्यार जागेवर नाहीये," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी बाईंना मास्तरांच्या खोलीत नेले. सगळे मागोमाग गेले. बाईंनी फळी वरपासून खालपर्यंत पाहिली. बराच वेळ पाहिली. मग कोपऱ्यातली पेन्सिलीची आकृती पाहिली.

"नवीन काही आणायचं असेल, आधी जागा करून ठेवली असेल," त्या म्हणाल्या. बाहेर येऊन त्यांनी पंख स्वतः तिरका करवला, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. आतून काही आवाज आला नाही. "ठीक आहे. सही करते." त्यांनी पेन काढले.

मुलगी खोलीतच मागे राहिली होती. ओरखडा चोळता चोळता तिचा हात मनगटापाशी थांबला. मनगट मोकळे होते. तिने फळीकडे पाहिले. मधे गोल. वर एक शेपटी, खाली एक शेपटी. आणि खालच्या शेपटीच्या टोकाला एक बारीकशी चौकट, आतापर्यंत कोणी नीट न पाहिलेली. बक्कल.

पंखात हात घालण्याआधी मास्तर घड्याळ काढून या खिळ्याला लावत होते.

बाहेर पेनाचे टोपण उघडल्याचा आवाज आला. पंख गप्प होता. घड्याळ फासळीला नीट अडकून बसले असणार. कदाचित तसेच बसून राहिले असते, आणि बापाचे घड्याळ बापाच्या पंखातून आभाळात फिरले असते. कोणाला कळले नसते. दारात आई उभी होती. ती मुलीच्या मनगटाकडे बघत होती.

कदाचित सुटलेही असते, आणि तारेत अडकले असते.

"थांबा," मुलगी बाहेर येत म्हणाली. "ती आकृती कशाची ते कळलं. घड्याळाची आहे. बाबांच्या घड्याळाची."

"मग कुठे आहे ते?" बाईंनी विचारले.

"पंखात."

"बघा!" अध्यक्षांनी दोन्ही हात वर केले. "मी पहिल्या दिवसापासून काय सांगत होतो? मास्तरांनी आत—"

"मी टाकलं," मुलगी म्हणाली. "आत्ता. तुमच्यासमोर."

बापाने पंखात काही ठेवले नाही हे सिद्ध करायला लेकीने हात घातला होता, आणि आता पंखात वस्तू होती. अध्यक्षांचे म्हणणे खरे झाले होते, फक्त ते खोटे असल्याचे कळल्यानंतर.

मुलीने झडपेतून पुन्हा हात घालून पाहिला. घड्याळ बोटांना लागले, सुटले आणि घरंगळत टोकाकडे गेले, जिथे कोणाचाच हात पोचत नव्हता. बाईंनी पेन खिशात टाकले आणि पेन्सिल काढली. पंखाच्या टोकाजवळ त्यांनी पुस्तकाएवढा चौकोन आखला.

"एवढं कापा. आत सगळं ठीक असेल तर ठिगळ लावून चालेल. नसेल तर पंख बाद."

फिटरकाकांनी बारीक पात्याची करवत घेतली, चौकोनावर ठेवली आणि तशीच धरून उभे राहिले.

"कापा हो भाऊजी," आई म्हणाली. "एवढा विचार तर मी पडद्याचं कापड कापताना करत नाही."

चौकोन निघाला. बाईंनी आत बॅटरी मारली आणि वाकून बघत राहिल्या. मग बाजूला झाल्या आणि बॅटरी फिटरकाकांना दिली. ती एकेकाच्या हातातून फिरत गेली.

आत बशी ठेवून जेवावे इतके स्वच्छ होते. प्रत्येक फासळीची कड घासून गोल केलेली, प्रत्येक सांधा पुसलेला, कुठे गोंदाचा ओघळ नाही. कोणाला कधी दिसणार नव्हते तिथेही वार्निशचे दोन हात.

"पत्रा चिकटवल्यानंतर आतून पुसलं कसं?" बाई स्वतःशीच म्हणाल्या.

"तारेला फडकं गुंडाळून असेल," फिटरकाका म्हणाले. "त्या झडपेतून. तार त्यांच्या खोलीत लटकतेय, मला वाटायचं नाली साफ करायची." त्यांनी हातावरचा भुसा झटकला. "त्या दिवशी क्लॅम्प लावून आम्ही सगळे घरी गेलो. हे म्हणाले, तुम्ही व्हा पुढे."

"उशिरा आले होते," आई म्हणाली. "कुठे होतात विचारलं, तर म्हणे, आवरत होतो. मी म्हटलं, मग तिकडेच जेवायचं."

आता बॅटरी मुलीच्या हातात होती. अगदी टोकाच्या शेवटच्या फासळीपाशी, जिथे खांदा बराच वर उचलल्याशिवाय तार पोचत नाही, तिथे एका सांध्यावर गोंदाचे थेंब तसेच राहिले होते. ओळीने, पिवळे. मधला एक निसटला होता. त्या दिवसांत मास्तरांना शर्टाची बाही घालायला बायको लागत होती.

"हा कोपरा राहिलाय," मुलगी म्हणाली.

"त्याला दोष म्हणत नाहीत," बाई म्हणाल्या.

त्याच थेंबांजवळ घड्याळ पडले होते. ते चालू होते.

ठिगळ मुलीने धरले आणि फिटरकाकांनी चिकटवले. लाकडाचे हेच बरे असते, कापले तरी जोडता येते. वरचा रंग मात्र रंगारीकाकांना जमला नाही. डबा निराळा निघाला आणि ठिगळ दुरूनही ठळक दिसत राहिले. पंख धडाला लागल्यामुळे पाटीसोबत भिंतीवर टांगायला काही उरले नाही. पाटी वाया जाऊ नये म्हणून अध्यक्षांनी ती ऑफिसातल्या मंडळाच्या फोटोखाली लावली. फोटोच्या मधोमध अध्यक्ष होते, मास्तर कडेला, अर्धे कापले गेलेले. उड्डाणाच्या दिवशी आलेल्या एका पाहुण्याने 'दिवंगत' वाचले, फोटोतल्या मधल्या गृहस्थाकडे पाहिले, आणि शेजारी उभ्या अध्यक्षांना हळू आवाजात विचारले, "तुमचे बंधू का?"

उडते कपाट उडाले. धावपट्टीवर दोनदा उसळले, मग उचलले गेले, आणि गर्दीच्या माना एकदम वर झाल्या. आई मुलीच्या शेजारी घडीच्या खुर्चीवर बसली होती. ती विमानाकडे बघत नव्हती, पिशवीत काहीतरी शोधत होती. विमान वळले. अगदी हवे तसे, डाव्या अंगावर, आणि ठिगळ उन्हात चमकले.

लाउडस्पीकरवर अध्यक्ष बोलत होते. "...आणि डाव्या पंखाच्या टोकाशी आपल्याला जी खूण दिसतेय, मंडळी, ती युद्धातल्या गोळीची खूण आहे! आम्ही ती मुद्दाम जपली आहे..."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खूप फोटो निघाले. फिटरकाकांना ठसका लागला.

"जाऊन सांग त्यांना," आई म्हणाली.

"असू दे."

"हात इकडे कर."

मुलीने हात पुढे केला. घड्याळ घसरून कोपराकडे गेले. आईने पिशवीतून शिवणाची कात्री काढली, घड्याळ काढून पट्टा मांडीवर घेतला, अंदाजाने जागा धरली आणि टोक दाबून गोल गोल फिरवू लागली.

"ह्यांचं मनगट बारीक व्हायला लागलं तेव्हापासून मी मागे लागले होते, पट्ट्याला एक भोक पाडा म्हणून. उद्या पाडतो, उद्या पाडतो. जन्मभर भोकं पाडण्यात गेला, आणि हे एक पाडवेना. भोक पाडायचं सोडून फळीवर चित्र काढून बसले." कात्रीचे टोक पलीकडे निघाले. तिने वर पाहिले नाही. "आण."

तिने पट्टा मुलीच्या मनगटाभोवती ओढला, बक्कल नव्या भोकात घातले आणि हात सोडला.

"आता हलव."

मुलीने हात हलवला. काही वाजले नाही.